शिदोबाचा नगारा कोण वाजवतं

मांजरी, १२ जानेवारी २०२४

ती. दादास,

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे.

आपोआप वाजणारी घंटा-नगाऱ्याची यंत्रं, आजपर्यंत एकोणीस. त्यातलं पहिलं आपल्या शिदोबाच्या देवळात आहे, अकरा वर्षं झाली. त्याचा सांगाडा, चकत्या, दांडके उचलणारे खटके, घंटेची तरफ, झांजेची स्प्रिंग, सगळं मी केलं. चकत्यांवरचे खटके आपल्या बाबांच्या हातावरून लावले. ते ओसरीत बसून उलट्या पातेल्यावर ठेका धरायचे आणि मी खडूने खुणा करायचो, हे तू पाहिलेलं आहेस. मोटार या यादीत धरलेली नाही. का, ते योग्य ठिकाणी सांगेन.

दुसरी वस्तू, शिदोबापुढचा स्टीलचा कठडा, कासवाला लागून. यात्रेच्या गर्दीला रांग लागावी म्हणून तुम्ही ट्रस्टवाल्यांनी तो मागितलात, मी करून दिला. ‘स्त्रियांनी कासवापुढे येऊ नये’ ही पाटी त्यावर नंतर बसली. ती माझी नाही. तिचे दोन स्क्रू तिरके आहेत, ते बघूनच कळेल.

तिसरी, आईला पलंगावरून उठताना धरायचा दांडा. चौथी, तुझ्या वाघोलीच्या फ्लॅटचं जाळीचं दार. त्याच्या बिजागऱ्या मी खास निवडून आणल्या होत्या, आवाज करत नाहीत. म्हणूनच परवा तू ते माझ्या तोंडावर लावलंस तेव्हा शेजारच्यांना काही कळलं नाही.

दार लागण्याआधी तू विचारलंस, “देवळाच्या कारभारात बोलणारा तू कोण?” त्याचं उत्तर वर दिलं आहे.

हे सगळं आठवी शिकलेल्या माणसाने केलं. गुरू नाही, सर्टिफिकेट नाही. जुन्या बाजारातून आणलेली पुस्तकं आणि बिघडलेल्या मोटारी, एवढीच माझी शाळा. तू मला मोबाइलवर ब्लॉक केलंस म्हणून पत्र लिहितोय. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

आता चंपाषष्ठीचं. तू त्या संध्याकाळी देवळात नव्हतास. ठराव मात्र तू लिहिलास, ट्रस्टचा सचिव म्हणून. तेव्हा काय झालं ते निदान एकदा तरी तुझ्यापर्यंत नीट पोचावं.

आरती सुरू झाली आणि लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी बदला असं मी दिवाळीआधी सांगितलं होतं, तुझ्याच कानात. यंत्र थांबलं. नगारा थांबला. चंपाषष्ठीला शिदोबाचा नगारा आरतीत थांबला तर वर्ष वाईट जातं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. समोर तीसेक पुरुष टाळ्या वाजवत उभे. मोबाइलचे टॉर्च पेटले. अध्यक्ष पोपटराव ओरडले, “आरं वाजवा की कुनीतरी! गणपतीत तर लई नाचताय!” ढोल-पथकातली दोन पोरं होती. एक म्हणाला, “काका, आमचा हात ढोलाचा. नगारा इज डिफरंट.” मी मागे फ्यूज बघत होतो. माझ्या हातात वायर होती, सोडता येत नव्हती.

आणि नगारा सुरू झाला. मला वाटलं लाइट आली. मग लक्षात आलं, पंखा बंदच आहे.

तनुजा कासव ओलांडून गेली होती. दुसरं कोणी नाही, आपली तनू. माझ्या वर्कशॉपमध्ये यंत्रांची चाचणी ऐकत मोठी झालेली. बाबांचा ठेका यंत्रात गेला आणि यंत्रातून तिच्या हातात. पूर्ण आरती वाजवली तिने, टिपरूचा एक ठोका चुकला नाही. ते तीसजण टाळ्या वाजवत राहिले. प्रसाद घेतला, पेढा खाल्ला. एकाने तर तिला “छान वाजवलंस” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गोमूत्र शिंपडलं. तिसऱ्या दिवशी ठराव: तनुजा सुखदेव हिने परंपरा मोडली, तिने व तिच्या आईने जाहीर माफी मागावी, तोवर कुटुंबाला देवळात येण्यास मनाई. खाली सही साईनाथ गेनबा. सही सुंदर आहे. अक्षर तुझं पहिल्यापासून चांगलं.

माफी मिळणार नाही. तनू कोर्टात जाते आहे. तिच्याबरोबर गावातल्या सात बायका आहेत. मी नाही म्हणालो असतो तरी ती गेली असती, हेही खरं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

आईच्या पलंगाच्या दांड्याचा बोल्ट सहा महिन्यांनी आवळावा लागतो. तेवढं कर.

तुझा,
सुखदेव


मांजरी, ९ जून २०२४

ती. दादास,

तुझं उत्तर मिळालं. “जे काय ते आमच्या वकिलांशी बोला.” पत्रावर तिकीट पाच रुपयांचं आणि मजकूर तेरा अक्षरांचा. काटकसरीत तू बाबांवर गेलास.

आमच्या वकील ॲडव्होकेट ललिता, खडकीच्या. वडील दारूगोळा कारखान्यात होते. ऑफिस शिवाजीनगर कोर्टासमोर दुसऱ्या मजल्यावर, जिना असा की अशील वर पोचेपर्यंत अर्धा खटला विसरतो. पहिल्या दिवशी मी त्यांना १९५६ चा कायदा वाचून दाखवला. सार्वजनिक हिंदू देवळात जाण्यापासून कुठल्याही वर्गातल्या हिंदूला अडवणं हा गुन्हा आहे, मराठी प्रत मी आणून पाठ केली होती. घटनेची चौदा, पंधरा, पंचवीस ही कलमंही. पुरुष जिथे जातात तिथे बाईला अडवणारा कायदाच नाही, हे हायकोर्टाने २०१६ साली सांगितलं, तेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“झालं?” त्या म्हणाल्या. “छान. मला वकिली सोडायला हरकत नाही. आता एक सांगा, समोरच्यांनी उत्तर काय दिलंय ते वाचलंत?”

मी वाचलं नव्हतं. मग वाचलं. दादा, ते तू लिहिलं नसशील अशी माझी आशा आहे. त्यात म्हटलंय की, बायकांना कोणी अडवत नाही, त्या श्रद्धेने आपण होऊनच कासवाशी थांबतात. कठडा म्हणजे श्रद्धेला टेकायला केलेला असावा. दुसरा मुद्दा मात्र वकिलाच्या डोक्यातून आलेला आहे: नगारा वाजवणं म्हणजे दर्शन नव्हे, ती सेवा आहे. प्रवेशाचा कायदा सेवेला लागू नाही. आणि या नगाऱ्याच्या सेवेला अनादिकाळापासून स्त्रीचा हात लागलेला नाही, परंपरा अखंड आहे, लागला असता तर देव कोपला असता.

मी विचारलं, “एवढं नगाऱ्यावर का अडलंय? आत जाऊ देतील आणि टिपरू देणार नाहीत, असं का?”

ललिताताईंनी ट्रस्टची घटना काढली. “नगाऱ्याची पाळी ज्याच्या नावावर तो मानकरी, मग वाजवायला यंत्र का असेना. आणि ट्रस्टच्या निवडणुकीत मत फक्त मानकऱ्यांना. देवळाच्या मागची इनामाची सात एकर भाड्याने कोणाला द्यायची, ते ट्रस्ट ठरवणार. समजलं? तुमच्या मुलीने टिपरू उचललं तेव्हा त्यांना ठेका ऐकू आला नाही, मतपेटी ऐकू आली.”

मग त्यांनी मला निरखून पाहिलं. “ते यंत्र कोणी बनवलं?”

“मी.”

“सगळं?”

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. विचारला असता तर तेव्हाच उत्तर दिलं असतं.

“मोटार सोडून,” मी म्हटलं. “मोटार हिराने भरली, माझ्या बायकोने.”

तुला माहीत आहे, पण ट्रस्टला ते कधी विचारावंसं वाटलं नाही. बाजारातली मोटार नगाऱ्याला फार पळते. आरती संपायच्या आत नगारा पुढच्या महिन्यात पोचतो. म्हणून भंगारातली मोटार आणून तिची जुनी तार उपसली आणि वेढ्यांचा हिशेब मी केला. पण तार घालणं हे बोटांचं काम आहे. माझी बोटं जाड. मी भरलेल्या दोन मोटारी जळल्या, तिसरी हिराने भरली, ती आजतागायत चालते आहे. नंतरच्या अठराही तिच्याच. माझ्याकडे कामाला ठेवलेली नव्हती ती, भागीदार होती, आणि आहे.

ललिताताईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ शिदोबाचा नगारा कोण वाजवतंय?”

मी म्हटलं, “वीज मंडळ.” त्या हसल्या नाहीत. मग मला समजलं.

याच अकरा वर्षांत, दादा, गावाला प्लॉटिंगचे पैसे आले, पोपटरावांना मोठी गाडी आली, तुला सातव्या मजल्यावर फ्लॅट आला. देव कोपला असेल तर त्याने असंच कोपत राहावं.

सुखदेव


मांजरी, २२ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,

गावात काय चाललंय ते तुला वाघोलीत बसून समजत नसेल, म्हणून कळवतो. आणि समजत असेल तर ताडून पाहा.

मोटार हिराने भरल्याचं आम्ही कोर्टात लिहून दिलं, त्याच आठवड्यात तुमच्या ट्रस्टने यंत्र बंद केलं. फळ्यावर पुरुषांच्या पाळ्या लागल्या. पहिल्या दिवशी चौघे आले, फेटे बांधून. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी दोघे. तिसऱ्या दिवशी एकजण, त्याची मीटिंग चालू होती, कानात इअरफोन आणि हातात टिपरू. मधेच “यस, यस, आय अ‍ॅम ऑडिबल” म्हणाला, तेव्हा गुरव सुद्धा आरती विसरला. चौथ्या दिवशी कोणी नाही. पाचव्या दिवशी यंत्र पुन्हा सुरू. म्हणजे पुन्हा हिरा.

मी मात्र देवळाबाहेर उभं राहून ऐकलं. ठराव मोडलेला नाही. आवाजाला मनाई नव्हती.

हिराचं माहेर तुला ठाऊक आहेच. देवळाच्या दारातला फुलांचा गाळा तिच्या आईचा, आता भावजय चालवते. ठराव झाल्यावर भावजयीला पोपटराव म्हणाले, “नणंदेला समजाव, न्हाईतर गाळा खाली कर.” ती म्हणाली, “बरं. उद्यापास्नं देवाला हार कोण करनार तेवढं नाव सांगा, त्याला सुई-दोरा देऊन जाते.” नाव अजून आलेलं नाही. गाळा आहे तिथेच आहे.

परवा पोपटराव माझ्या वर्कशॉपवर आले. चहा घेतला. बिनसाखरेचा मागितला आणि साखर घालूनच प्यायले. माझं प्रत्येक यंत्र हात लावून बघितलं, स्तुती केली. “सुखदेव, तुझ्यासारखा कारागीर पुण्यात न्हाई. तुझं नाव व्हायला पायजे, पाटी लागली पायजे देवळात, सगळं यंत्र एकट्या सुखदेवनं केलं म्हनून.”

पुढे काय बोलणं झालं ते आज लिहीत नाही. खटला चालू आहे. शिवाय त्यांची गाडी बाहेर चालू ठेवलेली होती आणि मागच्या सीटवर तू होतास. काच काळी होती, पण तुझी बसायची पद्धत मला ओळखू येते. एक खांदा वर. चहा बाहेर पाठवला होता. पेला तसाच परत आला.

त्या दिवशी हिराने संध्याकाळी भाकरी करताना विचारलं, “भाऊजी खाली का नाही उतरले?” मी म्हटलं, गुडघे दुखत असतील. तुझ्या वतीने खोटं बोललो, ते इथे नोंदवतो.

आईचा फोन आला होता. वहिनींच्या मोबाइलवरून, दबक्या आवाजात. विचारत होती, “तनीनं खरंच त्यांचाच ठेका धरला का रं? ‘धिन’नंतर जरा थांबायचे तुझे बाबा, त्ये बी?” मी म्हटलं, ते बी. तिला शिदोबाचं तोंड अजून जवळून दिसलेलं नाही, दादा. या गावात सून म्हणून आली, म्हातारी झाली, आणि कासवापाशीच हात जोडले. आता मोतीबिंदू आहे. तिथून तिला फक्त उजेड दिसतो.

मला कोर्टात जिंकायचंय ते याच्यासाठी. तनूची कारणं तनूजवळ आहेत. माझं हे आहे.

सुखदेव


मांजरी, १८ मार्च २०२५

ती. दादास,

काल साक्ष झाली. तू मागच्या बाकावर होतास, पण मधे उठून गेलास, म्हणून पहिला अर्धा भाग तुला माहीत असेल आणि दुसरा नसेल. तरी दोन्ही लिहितो, कारण माणसं अर्धं ऐकून पूर्ण सांगतात.

तुमच्या वकिलांनी मला विचारलं, “शिक्षण?”

“आठवी.”

“विजेच्या कामाचं काही प्रमाणपत्र?”

“नाही. यंत्र चालतं.”

“म्हणजे स्वतःच शिकलात. अभिमान आहे?”

“आहे.”

“मग इतका अभिमानी माणूस अकरा वर्षं मोटार बायकोने भरली हे गावाला सांगत नाही, आणि मुलीचा खटला उभा राहिल्यावर एकदम आठवतं. मी म्हणतो मोटार तुम्हीच भरली.”

इथे तू उठलास. मी तुझी पाठ पाहिली.

मी म्हटलं, “साहेब, मी केलेलं काम कोणाच्या नावावर देत नाही. न केलेलं माझ्या नावावर घेत नाही. अकरा वर्षांत मला हा प्रश्न फक्त ॲडव्होकेट ललितांनी विचारला. ट्रस्टने बिल मागितलं होतं, त्यावर यंत्राची किंमत विचारली होती, माणसं विचारली नव्हती.”

“पुरावा?”

“मोटार इथे टेबलावर आहे. उघडा.”

ती कोर्टाच्या हुकुमाने देवळातून काढून आणली होती. तुमच्या माणसाच्या समोर, सील लावून. मी झाकणाचे बोल्ट काढले. आत तांब्याची वेटोळी आणि ती एकत्र बांधणारा दोरा. मोटार भरणारा प्रत्येकजण शेवटी तारांचे झुबके दोऱ्याने बांधतो, नाहीतर त्या थरथरून तुटतात. कारखान्यातून येते तिची बांधणी यंत्राची असते. हाताने भरणारे साधी वेढ्याची गाठ मारतात. या मोटारीत दर बोटभर अंतरावर दुहेरी फास होता, खालून घेतलेला, अडकवून वर ओढलेला.

न्यायाधीशांनी चष्मा लावून पाहिलं. “ही कसली गाठ?”

मी म्हटलं, “ते मला सांगता येईल, पण मारता येत नाही. जिला येते तिला विचारा.”

हिरा उभी राहिली. तुला माहीत आहे, ती चारचौघांत बोलत नाही. घरात बोलते तेवढ्यात सगळं भागतं. तुमच्या वकिलांनी विचारलं, “बाई, हे काम कुठे शिकलात?”

“फुलांच्या गाळ्यात.”

“मी मोटारीचं विचारतोय.”

“तेच सांगते. माझी आई शिदोबाच्या दारात हार करायची. ही हाराची गाठ आहे. साध्या गाठीत फूल सरकतं, हिच्यात नाही. तारा पण सरकत नाहीत.”

“अशी गाठ कोणीही मारेल.”

“मारा की.” आणि तिने पिशवीतून दोरा काढून त्यांच्यापुढे धरला. वकील न्यायाधीशांकडे बघायला लागले. न्यायाधीश म्हणाले, “तुम्हीच दाखवा, बाई.”

तिने दोऱ्याचं टोक डाव्या हाताच्या अंगठ्याला गुंडाळलं. फुलं नव्हती. कोर्टाच्या फायलीतल्या चार टाचण्या घेतल्या आणि त्यांचा हार केला. डोळ्यांनी बघतही नव्हती, वकिलांकडे बघत होती. न्यायाधीशांनी तो टाचण्यांचा हार मोटारीतल्या दोऱ्याशेजारी ठेवला. बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं.

मग त्यांनी तुमच्या वकिलांना विचारलं, “शिदोबाला रोज हार घालतात?”

“हो, महाराज. सकाळी.”

“कोण करतं?”

वकील पोपटरावांकडे वळले. पोपटरावांनी गुरवाकडे पाहिलं. शेवटी हिराच म्हणाली, “माझी भावजय. तिच्याआधी मी. माझ्याआधी आई. देवाच्या गळ्यात रोज आमच्याच गाठी असतात, साहेब. त्या तेवढ्या कासवावरून जातात, आम्ही जात नाही.”

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. ललिताताईंनी एकही प्रश्न विचारला नाही. “पिकलेल्या फळाला दगड कशाला मारायचा,” असं त्या जिना उतरताना म्हणाल्या.

टाचण्यांचा हार कोर्टाच्या कागदपत्रांत जमा झाला. त्याला आता नंबर आहे.

सुखदेव


मांजरी, ६ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,

निकाल तुला माहीतच आहे, ट्रस्टची प्रत तुझ्याच सहीने घेतली गेली. तरी त्यातल्या तीन ओळी मी पाठ केल्यात. पुरुषांना जिथवर जाता येतं तिथवर स्त्रियांना जाण्यापासून ट्रस्ट, त्याचे नोकर किंवा त्याने लावलेली कोणतीही वस्तू अडवणार नाही. नगाऱ्याची सेवा केवळ स्त्री आहे म्हणून नाकारता येणार नाही, आणि पाळी घेणारी स्त्री मानकरी धरली जाईल. स्त्रीचा हात कधी लागला नाही हे ट्रस्टचं म्हणणं त्याच्याच देवळातल्या वस्तूने खोटं ठरलं.

‘त्याने लावलेली कोणतीही वस्तू.’ म्हणजे माझा कठडा.

ट्रस्टने कापायला दुसरा माणूस बोलावला होता. मी त्याला परत पाठवलं. माझं वेल्डिंग दुसरा कोणी कापणार नाही. सकाळी ग्राइंडर घेऊन गेलो. पाटी आधी काढली, तिरके स्क्रू पेचकसाने निघाले नाहीत, पकडीने काढावे लागले. मग पाच पाय फरशीच्या पातळीत कापले, काठ घासून गुळगुळीत केले. अनवाणी पायाला लागेल असं काही ठेवलं नाही. कासवाच्या पाठीवरची धूळ हिराने पदराने पुसली. सगळं काम झाल्यावर मी हात फिरवून पाहिला, कठडा कुठे होता ते कळत नाही. हे माझ्या हातच्या चांगल्या कामांपैकी एक समजतो. यादीत घालायचं आहे.

संध्याकाळी सगळ्या आल्या. खटल्यातल्या सातजणी, त्यांच्या सुना, त्यांच्या लेकी, आणि ज्यांनी खटल्याच्या वेळी आम्हाला ओळख दाखवली नव्हती त्याही. त्या तर सगळ्यांत पुढे. फुलाच्या गाळ्यावर हार संपले. ललिताताई खडकीहून आल्या होत्या. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, म्हणून ताई देवळाच्या पायरीवरच बसून राहिल्या. आत चला म्हटलं तर म्हणाल्या, “माझा अशील आत गेला की माझं काम संपतं. पेढा बाहेर आणा.”

पोपटराव आले. तनूला म्हणाले, “पोरी, आता मत आमालाच दे बरं का.” तनू म्हणाली, “आधी जमिनीच्या भाड्याचा हिशेब द्या काका, मग बघू.” ते हसले. हिशेब अजून आलेला नाही, पण मागणारी आता मानकरी आहे.

आणि मग रिक्षा आली.

आता हे तू नीट वाच, कारण तुला घरी वेगळं सांगितलं गेलंय. वहिनी तुला दवाखान्याचं सांगून निघाल्या. रिक्षातून आधी वहिनी उतरल्या, मग काठी, मग आई. आई हिरवं लुगडं नेसली होती, लग्नाच्या वाढदिवसाचं. मी हात द्यायला गेलो तर म्हणाली, “व्हय बाजूला. मला माझी चालू दे.” वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “भाऊजी, यांना सांगायचं असेल तर सांगा. मी काही चोरून आलेली नाही. फक्त खोटं बोलून आलेय.”

आई कासवापाशी थांबली. सवयीने हात जोडले. पाय पुढे पडेना. कठडा नव्हता, पाटी नव्हती, तरी पडेना. मागे एवढ्या बायका, कोणी ढकललं नाही. तेवढ्यात तनूने आत नगाऱ्यावर टिपरू टाकलं. धिन, मग तो थांबा, मग पुढचं.

आईने मान वर केली. “ह्यो त्यांचा हात हाय,” ती म्हणाली. आणि गेली. सरळ. शिदोबाच्या पुढ्यात जाऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवला, डोळ्यांवरून, मिशीवरून, जसा आंधळ्याने फिरवावा. मग गुरवाला म्हणाली, “मिशी एवढी मोठी हाय व्हय? मला कुनी सांगितलं न्हाई.”

नंतर टिपरू मागितलं. तनूने दिलं. आईने एकच ठोका टाकला, कान लावला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “कातडं वलं हाय, सुखदेव. शेकून घे.” तपासलं. खरंच ओलं होतं.

यंत्र आता माझ्याकडे वर्कशॉपमध्ये आहे, कापड घालून ठेवलंय. पाळीच्या फळ्यावर महिन्याची एकही जागा मोकळी नाही. वहिनींचं नाव दर गुरुवारी आहे. तुला गुरुवारी डबा थंड मिळेल, चालवून घे. पुरुषांनाही बंदी नाही, अर्ज गुरवाकडे करायचा.

तू ये. शिदोबापुढे ये किंवा माझ्याकडे ये, कुठेही. चहा पाठवीन आणि पेला तसाच परत आला तरी पुन्हा पाठवीन. या वेळी काच खाली कर.

आता राहिलेली गोष्ट. गावात म्हणतात सुखदेवने लेकीच्या हट्टासाठी बायकोचं नाव पुढे केलं. तूही तसंच म्हणालास, वहिनींकडून कळलं. तू गाडीत होतास, काच वर होती, तेव्हा पोपटरावांनी तुला आकडा सांगितला की नाही ते मला माहीत नाही. म्हणून लिहितो. नोव्हेंबरमध्ये चहा संपल्यावर त्यांनी माझ्या टेबलावर कापडी पिशवी ठेवली. कोर्टात चार शब्द बोलायचे होते: ‘मोटार मी स्वतः भरली.’ हिरा शेजारच्या खोलीत विसावी मोटार भरत होती, दोऱ्याचा आवाज येत होता. मी पिशवी उचलली, त्यांच्या हातात दिली आणि दारापर्यंत पोचवायला गेलो. शब्दाला सव्वापाच पडत होते. एकवीस लाख रुपये.

सुखदेव